दाराआडचं पोतं

ऊसतोडीहून परतताना बाकीच्या बाया नवी भांडी आणायच्या. मी आणायची दोऱ्यांचे तुकडे. सहकारी कारखान्याच्या आवारात ट्रकवरून गळून पडलेली नायलॉनची दोरी, जळक्या मोटारीची केबल, सायकलची फाटकी ट्यूब, दिसलं की उचललं. घरी दाराआड खताचं एक पोतं होतं, त्यात सगळं जायचं. बादलीची कडी तुटली की केबल, बाज झोळायला लागली की दोरी. आमच्या मालकांना मात्र त्या पोत्याचा भारी राग. "कावून आणलीस ही अडगळ?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली की मी आधी पोत्यावर जाऊन बसायची.

दुष्काळात गावच्या दूध संस्थेनं कोरड्या तळ्यात चारा छावणी काढली. आमच्या दावणीला एकच तांबडी गाय उरली होती, पहिलारू, आणि तिचे दिवस भरले होते. ती तगली तर घर तगणार होतं. ऊन असं की उघड्यावर बांधली असती तर दुपारपर्यंत आडवी झाली असती.

संस्थेनं प्रत्येकाला बांबू, हिरवी जाळी आणि सुतळीचं बंडल दिलं. मालकांनी सगळ्यांसारखीच जाळी ढोलासारखी ताणून बांधली आणि पान खायला निघून गेले. मी ती सोडली आणि गायीबरोबर घरून आणलेलं पोतं उघडलं. जाळीच्या चारी कोपऱ्यांत एकेक खडा गुंडाळला आणि त्या गाठोड्याखाली केबल आवळली, म्हणजे ओढ बसली तरी जाळी फाटत नाही. केबल आणि बांबू यांच्यामध्ये ट्यूबचा तुकडा घातला, वाऱ्याला थोडी ढील मिळावी म्हणून. बांबूंना नायलॉनचे ताण दिले. लाल, काळं, पिवळं, सगळ्या रंगांचं कडबोळं दिसत होतं. येणारा-जाणारा हसत होता. मालक परतले तर त्यांना मान वर करायची चोरी झाली.

"लोकं हसायलेत, सोड ते."

"हसू द्या. गाय न्हाई हसत."

तिसऱ्या प्रहरी वावधान सुटलं. धुळीनं तळं भरलं. कडाकडा सुतळ्या तुटल्या, ताणलेल्या जाळ्या टराटरा फाटल्या, एक तर उडून बाभळीवर जाऊन बसली. आमची जाळी वर उसळायची आणि पुन्हा खाली यायची. माझा जीव त्या चार खड्यांत अडकला होता. नेमक्या त्याच वेळी गाय कळा द्यायला लागली. मी तिच्या पाठीशी बसून राहिले, वर बघायचं सोडून दिलं.

वारा पडला तेव्हा अख्ख्या तळ्यात एकच सावली शाबूत होती, आमची, आणि तिच्याखाली ओली कालवड उठायची धडपड करत होती. मी मोठ्यानं हसले, रडलेही. शेजाऱ्यांनी आपली जनावरं आमच्या सावलीला आणून दाटीवाटीनं उभी केली. संस्थेचे चेअरमन येऊन कोपऱ्याची गाठ निरखत म्हणाले, "ह्या गाठी सगळ्यांना दाखवा, बाई." मी दाखवल्या, आणि सकाळी हसलेल्यांना जरा जास्तच वेळ उभं ठेवून दाखवल्या.

संध्याकाळी मालक छावणीभर खाली मान घालून हिंडत होते. परतले तेव्हा काखेत तुटक्या सुतळ्यांचा, दोऱ्यांचा भारा होता.

मी कालवडीचं अंग पुसता पुसता विचारलं, "कावून आणली तुमी ही अडगळ?"

ते पोत्याचं तोंड उघडून, एकेक तुकडा नीट गुंडाळून, आत ठेवत राहिले.