भरमूअण्णांचा भुग्याचा डबा

मे महिना आला की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या शेडवाल्यांना देवाआधी भरमूअण्णा आठवतात. माझं लेथचं वर्कशॉप त्यातलंच. वर चाळीस वर्षांचे सिमेंटचे पत्रे, खाली मी आणि सहा बादल्या. अण्णा जवळच्याच मच्छे गावचे. शेती भावांनी सांभाळली आणि हे गडी तरुणपणी छपरावर चढले, ते साठीतही उतरायचं नाव घेत नाहीत.

गळती शोधायची त्यांची रीत न्यारी. "पाणी हितं पडतंय म्हंजे हितनंच येतंय असं न्हाय, मालक," म्हणत ते छपरावर ठिकठिकाणी तांब्याने हळदीचं पाणी ओततात आणि खाली मला मान वर करून उभं करतात. पिवळा थेंब पडला की वाट सापडली. एकदा तो नेमका माझ्या चष्म्यावर पडला. अण्णा वर इतके हसले की मला पत्र्याची काळजी वाटली.

भेग बुजवायला त्यांचा खास मसाला होता: डांबरात पत्र्याचाच भुगा. पत्रा कापताना, भोक पाडताना पडणारा पांढरा भुगा ते ब्रशने गोळा करून डब्यात भरत. "पत्र्याला पत्र्याचंच औषध लागू पडतंय," म्हणत. डबा घरी स्वयंपाकाच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी. मीही त्या मसाल्याचं वर्षानुवर्षं कौतुक केलं, हे कबूल करायला हवं.

मग त्यांची मुलगी तेजस्वी एका फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर झाली. या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, हे तिला तिथल्या ट्रेनिंगमध्ये कळलं. पत्रा धड आहे तोवर भय कमी. पण कापला, घासला, फुटला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडून छातीत जातात आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुसं निकामी करतात. कॅन्सरही होतो. घरी येऊन तिने डबा टाकायला सांगितला. अण्णांनी छाती ठोकली. "चाळीस वर्सं खातोय ही धूळ. काय झालंय मला?" दोन महिने बापलेकीची जुंपली होती. पोरगी रडकुंडीला आली.

एका रविवारी मी त्यांच्या घरी भांडायला गेलो, कारण तीनदा कबूल करूनही अण्णा आले नव्हते. चहा हातात पडतोय तोच तेजस्वीने दोरीवरचा बापाचा धुतलेला कामाचा शर्ट काढला, खिशांत, घड्यांत मूठभर हळद पसरली आणि आईपुढे धरला. "आई, आप्पा कामावरनं आल्यावर रोज झटकतीस तसा झटक."

यशोदाबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. "खुळी का काय गं तू," म्हणत उठल्या आणि सवयीने तीन फटके मारले. परातीतलं पीठ पिवळं झालं, पाण्याची घागर पिवळी झाली, माझा चहाही सुटला नाही. यशोदाबाईंना शिंकांवर शिंका आल्या. नाकपुड्या, पापण्या पिवळ्याधमक.

"आप्पा," तेजस्वी म्हणाली, "गळती सापडली का आता?"

मला हसू आवरेना. यशोदाबाईही हसत सुटल्या. अण्णा मात्र बायकोच्या नाकाकडे बघत राहिले. स्वतःची छाती ठोकणं सोपं होतं. पण लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ही बाई त्यांचा शर्ट झटकत आली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हिच्याबी छातीत गेलं असंल व्हय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय सांगावं आप्पा. दोघंबी तपासून घ्या."

मंगळवारी दोघं छातीचे फोटो काढून आले. सध्या काही दिसत नाही, पण दरवर्षी दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. डब्याचं झाकण अण्णांनी डांबराने बुजवलं, वर हळदीचं पाणी ओतून पाहिलं, आणि फाउंड्रीतला घातक कचरा नेणाऱ्या गाडीत तो तेजस्वीकरवी दिला.

आता ते पत्रे कापत नाहीत, घासत नाहीत. मास्क लावून, पत्रा ओला करून वरून नुसता लेप देतात आणि हे काढून लोखंडी पत्रे घाला म्हणून माझा जीव खातात. घरी गेल्यावर आधी न्हाणीत शिरतात आणि आपला शर्ट आपण बादलीत बुडवतात. जन्मात कधी रुमालही न धुतलेला माणूस. साबण फार लावतात, अशी यशोदाबाईंची तक्रार आहे. त्या मदतीला पुढे झाल्या की अण्णा म्हणतात, "लांब थांब गं. ही गळती माझी हाय."