उधई नसलेला कोपरा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा मार्च महिना, मंगळवार, सकाळी साडेसात. हजर: मी, एक हवालदार, दोन शिपाई, तालुक्याचे कृषी अधिकारी, दोन पंच, जागेचे मालक आणि आरोपी. एवढी माणसं एका आवारात खड्डे खणायला जमली होती. इतकी वर्षं झाली, तरी ती सकाळ मनातून गेलेली नाही. नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा ब्रह्मपुरीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी एका गावच्या जुन्या मालगुजारी तलावात मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. मासेमार सोसायटीच्या अध्यक्षांनी फिर्याद दिली. संशय होता त्यांच्याच एका सभासदावर, कारण दोघांचं आठ दिवसांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं. मग खबऱ्याने सांगितलं की त्या सभासदाच्या घरी कीटकनाशकाचा डबा आहे. झडतीत डबा मिळाला. त्यात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या होत्या. तरीही मी त्याला अटक केली. डबा, भांडण आणि मेलेले मासे, तिन्ही माझ्या यादीत नीट बसत होते.

चौकशीला तो शांत होता.

"तुझं भांडण झालं होतं ना?"

"झालं ना साहेब. अध्यक्षाशी झालं. माशायशी नाई झालं."

हवालदार तोंड फिरवून हसला.

"डबा कशाला ठेवला?"

"बुडाले भोक नाई म्हणून. तलावाले विष देऊन मी खाऊ काय? माह्या पोरी खातीन काय?"

गुन्हा शाबीत झाला तर त्याला तुरुंग होता आणि सोसायटीतून कायमचं नाव कमी होणार होतं. तलावाशिवाय त्याच्याकडे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले भाताचे दोन तुकडे, एवढंच होतं.

मासे आधी कुठे तरंगले, हे मी दहा जणांना वेगवेगळं विचारलं. नऊ जणांनी एकच काठ दाखवला. त्या काठाच्या वर विजेच्या खांबांसाठी लाकूड तयार करण्याचं आवार होतं. लाकूड टिकावं म्हणून तिथे हौदात हिरवट औषध घालून खांब बुडवत. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "खुशाल माती तपासा." इतक्या सहज परवानगी मिळाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

नमुन्यांची योजना मी आदल्या दिवशी टेबलावर केली. आवाराचा नकाशा काढून आठ सारखे चौकोन पाडले. चौकोनाला एक खड्डा, खड्ड्याला एक बरणी. तुलनेसाठी गावाबाहेरच्या मातीची नववी बरणी. बरण्या रुंद तोंडाच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. प्रत्येक खड्ड्यानंतर फावडं धुऊन पुसायचं. चिठ्ठीवर पंचांच्या सह्या, वर कापड, लाखेचं सील. आरोपीला काठाची जागा दाखवायला आणलं होतं. ते काम संपल्यावर तो कुंपणाशी बसून होता.

चार खड्डे झाले. माती लाल, कोरडी, साधी. पाचव्याला फावडं लावलं तसा हवालदार आरोपीवर खेकसला, "काऊन हसून राह्यला रे?"

"काई नाई भाऊ. साहेब जिथी उधई हाय तिथीच खोदून राह्यले."

उधई म्हणजे वाळवी. मी फावडं थांबवलं. "नीट सांग."

"तो तलावाकडचा कोपरा पाहा साहेब. दोन बरसाती झाल्या, सालपटं पडून हायेत, जशीच्या तशी. आमच्या घरचा उंबरठा उधई एका सालात खाते. इथी आयता ढीग सोडून ते काऊन गेली?"

मालक पुढे आले. "साहेब, आरोपीचं ऐकून काम करता काय?"

मी कोपऱ्यात जाऊन सालपटांचा ढीग उलटला. खाली एकही उधई नव्हती, मुंगीसुद्धा नव्हती. वर ताजा मुरूम पसरलेला होता. वीतभर मुरूम काढला आणि खाली हिरवट माती लागली. वासाने कृषी अधिकारी मागे सरकले. बदल का केला ते पंचनाम्यात लिहिलं आणि उरलेल्या चारही बरण्या त्या कोपऱ्यापासून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापर्यंत, एका ओळीत भरल्या.

अहवाल यायला पावसाळा उजाडला. पहिल्या चार बरण्या आणि गावाबाहेरची नववी निर्दोष. कोपऱ्याकडच्या चारही बरण्यांत त्या औषधातलं विष, तेच तलावातून आधी पाठवलेल्या गाळात आणि माशांतही. डब्यावर ज्याचं नाव होतं त्या कीटकनाशकाचा माशांत मागमूस नव्हता. कलम १६९ प्रमाणे पुरावा नसल्याचा अहवाल पाठवून आरोपीला मोकळं केलं. मालकांवर वेगळा गुन्हा दाखल झाला.

त्यानंतर मी कुठल्याही जागेचा नकाशा टेबलावर पुरा केला नाही. आधी त्या जमिनीवर रोज चालणारा माणूस शोधायचा, त्याला बिडी द्यायची, आणि मग चौकोन पाडायचे.

सुटल्यावर तो ठाण्यात आला. त्याने आभार मानले नाहीत, प्रश्न विचारला. "पाळीजवळच्या बरणीतबी विष निघालं म्हणता. माह्या बांध्या पाळीच्या खालीच हायेत. त्यायचं काय?"

मी म्हणालो, "धान कापून झालं की नमुने घेऊ." त्याच्यासमोर वहीत लिहिलं: पाळीखालच्या बांध्या, सहा बरण्या.

धान कापणीआधीच माझी भामरागडला बदली झाली. प्रभार देताना ती नोंद मी यादीत घातली, नव्या ठाणेदारांना तोंडीही सांगितलं. निवृत्तीनंतर चौकशी केली. गुन्हा निकाली निघाला म्हणून कागद बंद झाले होते. त्या दोन बांध्यांत आता त्याच्या मुली धान लावतात. तिथली माती अजून कुणी तपासलेली नाही.