उतारावरचा ब्रेक

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या मुलीला सायकल क्लबात सगळे ‘इंजिन’ म्हणायचे. चढ कितीही लांब असो, तिला धाप लागत नसे. पण मागे टाकलेल्या पोरी उतारावर तिच्या शेजारून सुसाट निघून जायच्या. ‘चढावर इंजिन, उतारावर मालगाडी!’ अशी टिंगलही करायच्या.

या दोन्ही गोष्टी म्हणजे बाबांचीच करणी. तिला तेच तयार करत. ती सरावाला निघाली की स्कूटरवरून मागे. ‘बोल काहीतरी!’ म्हणून ओरडायचे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायला लावायचे. असा वर्षानुवर्षं त्यांनी तिचा दम वाढवला. पण घाटमाथा आला की स्कूटर पुढे घालून खालपर्यंत तिला रखडवत आणायचे. त्यांचा धाकटा भाऊ शर्यतीत अशाच एका उतारावर पडून गेला होता. घरात तो विषय निघत नसे.

राज्य संघाची निवड-शर्यत जवळ आली. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच. बाबांना पत्ता लागू न देता तिनं मिस्त्रीकाकांना गाठलं. सायकलदुरुस्ती करणारा हा माणूस एके काळी शर्यतीत उतरायचा; बाबांशी त्याची जुनी ओळख.

‘ब्रेक वळणाच्या आधी,’ त्यांनी सांगितलं. ‘वळणात बोटं सैल. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, सगळा भार त्यावर. आणि दरीकडे बघू नकोस. बघशील तिकडेच जाशील. वळण जिथं संपतं तिथं नजर ठेव.’

आधी ती वळणावर भीतीनं गारठायची. मग एके दिवशी सायकल आपसूक कलली, वळण मागे पडलं आणि ती एकटीच मोठ्यानं हसली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हे शिकणं बाबांच्या कानावर गेलं. ते ओरडले नाहीत. ताटावरून न उठता म्हणाले, ‘तुझ्या काकालाही त्या मिस्त्रीनंच शिकवलं होतं.’

दुसऱ्या दिवशी माथ्यावर ती सगळ्यांत पुढे होती. पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणावर तिला कधीही न पाहिलेला काका आठवला, नजर कठड्याकडे गेली आणि बोटं ब्रेकवर आवळली ती सुटलीच नाहीत. एकामागून एक पोरी पुढे गेल्या. संघात चौघी घेतल्या. ती पाचवी आली.

मिस्त्रीकाकांच्या दुकानात जाऊन तिनं काकाबद्दल विचारलं. त्यांनी हातातलं चाक खाली ठेवलं.

‘मी? अगं, त्याची-माझी कधी ओळखसुद्धा नव्हती. तो गेला त्यानंतर तुझे बाबा मला भेटले.’

ती तशीच घरी आली. ‘खोटं का बोललात?’

बाबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘धडधाकट आलीस ना घरी?’

‘माझं सगळं गेलं, बाबा.’

‘जीव तर नाही गेला.’

  ती आजही काचा घासते, त्याच घरात राहते, त्यांची औषधं वेळेवर देते आणि कामापुरतंच बोलते. कुणी पाहुणा आला की बाबा कौतुकानं सांगतात, ‘इतकी वर्षं सायकल चालवली पोरीनं, पण मी तिच्या अंगावर एक ओरखडा उठू दिला नाही.’

तेवढ्यात ती चहाचे कप उचलते आणि आत निघून जाते.