दोन दारांमधली सोयरीक

...तर विहीण होऊ घातलेल्या बाई दोन दारांच्या मधे अडकल्या होत्या, तिथे आपण काल थांबलो. हातात फळांची टोपली, पाठीशी मुलगा, आणि पुढे मुलीचा बाप, आपला बिजागरीनाना, स्वतःच्याच घराच्या आतल्या दाराच्या कडीवर हात ठेवून पाठमोरा उभा!

बाहेरचं दार काही लागेना. मुलाचे वडील उंबऱ्यावर एका पायावर उभे राहून बुटाच्या नाडीशी झटत होते. त्यांनी उंबरा सोडल्याशिवाय ते लागणार कसं? आणि ते लागल्याचा ‘टक्’ आवाज कानावर आल्याशिवाय नानाचा हात आतलं दार उघडणार कसा?

दोष नानाचा नव्हे, त्याच्या हाताचा. मूळचा सुतार तो. पण साथीच्या रोगांचे जंतू तपासायची मोठी प्रयोगशाळा आहे ना, तिथल्या दारांची देखभाल करण्यात त्याची उमर गेली. तिथे एक दार लागलं की मगच दुसरं उघडतं. त्या दारांना कडेने रबराच्या पट्ट्या असतात. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा नाना त्यांवरून हात फिरवतो, आणि जरा कुठे पट्टी चिरलेली दिसली की बदलून टाकतो. बाहेर पडताना कपडे आतच सोडायचे आणि डोक्यावरून आंघोळ करायची. साहेब असो वा सुतार, सुटका नाही. एवढ्या आंघोळी तर बदकही करत नसेल!

“आधी ते लागू द्या, मग हे उघडतं,” नाना पाहुण्यांना म्हणाला.

आतून बायको कडाडली, “अहो, उघडा! पाहुणे आहेत ते, जंतू नाहीत!”

झालं! सरकारी नोकरी, दारांचं काम, एवढंच पाहुण्यांना सांगितलेलं.

“जंतू? कसले जंतू?” बाईंनी टोपली छातीशी धरली.

एव्हाना बूट निघाला, दार लागलं, मंडळी आत आली. पण बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पडद्याआड मुलगी नखं खात उभी. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, फक्त या बाईंचा होकार यायचा होता. आणि तो आता पंख फुटून उडायच्या बेतात!

“उद्या तिथलं काही तुमच्या अंगावरून आमच्या घरात आलं तर?” बाईंनी सरळच विचारलं.

नानाने स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा लावला आणि तिथलं दार किलकिलं ठेवलं. काडी पेटवून विझवली, फटीशी धरली. धुराची रेघ शेपटी हलवत सुळकन आत गेली.

“बघा. तिथेही हवा आतच ओढली जाते आणि गाळणीतून गाळूनच बाहेर सोडतात. नव्या इमारतीच्या दाराशी आम्ही अशीच धुराची परीक्षा घेतोय.”

“पण ती पीडा ठेवायचीच कशाला म्हणते मी!”

“अहो, साथ काय आमंत्रण देऊन येते? मागच्या खेपेला अशी खोली एकच होती. नमुन्यांची ही रांग! आता खोल्या वाढवतोय. पुढची येईल तेव्हा तिचं तोंड लगेच ओळखता आलं पाहिजे.”

बाई धुराकडे बघत राहिल्या.

“माझी थोरली बहीण गेली मागच्या साथीत,” त्या हळूच म्हणाल्या. “काय झालंय ते कळलं, तेव्हा ती नव्हती.”

मुलाच्या वडिलांनी उगाच मोजा वर ओढला.

बाईंनी फळांची टोपली उचलून नानाच्या बायकोच्या हातात दिली. पडद्याकडे बघून म्हणाल्या, “ये गं बाहेर, किती नखं खाशील!” आणि मग नानाकडे वळल्या, “लेकीकडे राहायला याल, तेव्हा तुमचं काय काय सांभाळावं लागेल, ते आत्ताच सांगून ठेवा.”

“काही नाही हो विहीणबाई, आंघोळ मी तिकडूनच करून येतो, तुम्ही फक्त आत येताना आधी पाठीमागचं दार तेवढं लावून घेत चला!”