पायावरचा वण

पायावरची बारकी गाठ काढायची, त्यात काय एवढं, असं सगळे म्हणाले होते. जखम भरली आणि मग वणच वाढायला लागला. तांबूस, चकचकीत, आधी शेंगदाण्याएवढा, पुढे बोराएवढा. सारखी खाज आणि आग. चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासायचा, म्हणून मी राजुरीच्या शिवारात अनवाणीच फिरू लागले. शेवटी वण कापून टाकायचं ठरलं. मंगळवारी दवाखान्यात जायचं होतं आणि माझं मन काही केल्या धजत नव्हतं.

भीमाशंकराला नवस बोलले होते, पाय बरा झाला की अनवाणी दर्शनाला येईन. पण त्याआधी एकदा त्याला भेटावंसं वाटलं, म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघं एसटीने निघालो. माझ्या पायांकडे बघत हे हसले, "नवस फेडायच्या आधीच अनवाणी! आता देवाला काय देणार तू?"

वर धुकं असं, की माणसांचे नुसते आवाज तरंगत होते. हे नारळ घ्यायला गेले, मी पायरीवर टेकले. धुक्यातून एक म्हातारी आली, शेजारी बसली आणि माझा पाय अलगद मांडीवर घेतला.

"कापायचं म्हणत्यात व्हय?"

मी नुसती मान हलवली. तिने पदर सरकवून खांदा दाखवला. तसाच तांबूस वण, पण तळहाताएवढा.

"बारका व्हता गं. कापला, तर लई वाढला. घाई नको करू, बाय. कातडीच्या डाक्टरला इचार आधी."

हे परतले तेव्हा पायरीवर मी एकटीच होते. ती वर गेली की खाली, कळलं नाही. गाभाऱ्यात हात जोडले, तर मागायचं तेच आठवेना. तू ठरव, एवढंच म्हणाले.

मंगळवार टाळला. पुण्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाय बघून सांगितलं, हा केलॉइड, नुसता कापला तर पुन्हा वाढायची भीती. मग महिन्या-महिन्याने त्या वणातच इंजेक्शन. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण आग निवत गेली आणि वण हळूहळू बसला. फिकट खूण राहिली, ती असू दे.

शस्त्र नीट चालू दे, असं मागायला मी गेले होते. त्याने ते चालूच दिलं नाही. आपलं मागणंही त्याच्यावर सोडावं, हे मला तिथे कळलं.

पुढच्या वर्षी नवस फेडायला गेले. त्याच पायरीपाशी थांबले, म्हातारी कुठे दिसते का पाहिलं. मग वाकून चपला काढल्या. काढायला पायात चपला होत्या, एवढ्यानेच डोळे भरून आले.