चौधरीजींना डुगडुग हवी होती

आमच्या वर्कशॉपमधला प्रत्येक किस्सा "यार, किसी को बताना मत" ने सुरू होतो. आणि म्हणूनच तो संध्याकाळपर्यंत गेटवरच्या चहावाल्यालाही पाठ असतो! नीट झालेल्या कामाचं असं होत नाही. नीट झालेलं इंजिन ट्रकवर चढतं, जातं, विषय संपला. फजिती मात्र कुठे जात नाही. ती इथेच राहते, दर चहाला बाहेर निघते, आणि आपण तिथेच उभे असलो तर कान लाल होईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकून ऐकून थकलेय, म्हणून या वेळी मीच सांगते. सगळे किस्से एकाच ऑर्डरचे आहेत. तुम्ही हसा बिनधास्त. मी तोवर खाली बघते.

*

आधी मी करते काय, ते. फरीदाबादला आमचं वर्कशॉप आहे, मालक भाटिया सर. आम्ही बोटींची इंजिनं बनवतो. साधी नाही हं, ब्लोअरवाली! म्हणजे सुपरचार्जर बसवलेली. तो हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो आणि बोट अशी सुटते की बास. त्यात कॅमशाफ्ट निवडायचं काम माझं. कॅमशाफ्ट म्हणजे एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. तो फिरला की इंजिनातले वॉल्व्ह उघडतात, मिटतात. कुठला वॉल्व्ह कधी उघडणार, किती वेळ उघडा राहणार, सगळं तो दांडा ठरवतो. आणि दांडा मी ठरवते.

हे मला दर जानेवारीत कुणाला ना कुणाला समजवावं लागतं, कारण दिल्लीतल्या आमच्या मराठी लोकांची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते आणि आई मला ओढून नेते. यंदा शेजारच्या सीटवर एक काका होते. त्यांनी सगळं अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "फरीदाबादला समुद्र आहे?"

"नाही."

"नदी?"

"यमुना आहे ना काका. पण तिच्यात अशी बोट नाही चालत."

काकांनी खिडकीबाहेर बघून मोठा उसासा सोडला. "इकडे उत्तरेत येऊन चुकीची जागा निवडायची आपली सवय जुनीच आहे म्हणा!"

अख्खी बस हसली. स्मारक येईपर्यंत मी झोपेचं नाटक केलं.

*

आता ऑर्डर. चौधरीजी, ग्रेटर नोएडाचे, प्रॉपर्टीवाले. गळ्यात जाड चेन, पण मनाने एकदम राजा माणूस! मुलीचं लग्न होतं, धरणाच्या तलावाकाठी एका रिसॉर्टवर. आणि नवरीची एंट्री बोटीतून! बँड थांबणार, धूर सुटणार, वरून ड्रोन शूट करणार, आणि बोट हळूऽऽहळू काठाला लागणार.

"अंकल, हळूच यायचंय तर एवढं मोठं इंजिन कशाला?" मी हिंदीत विचारलं.

चौधरीजींनी ब्लोअरवर प्रेमाने हात फिरवला. "बेटा, ये फोटो में दिखना चाहिए. और आवाज! डुग... डुग... डुग... लोगों की छाती में बजनी चाहिए."

ही डुगडुग कॅममुळे येते. हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही वॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकत्र उघडे राहिले की इंजिन असं लंगडत, डुगडुगत चालतं. रस्त्यावरच्या गाडीत ठीक आहे. पण बोटीचा एक्झॉस्ट पाईप थंड राहावा म्हणून त्यात पाणी सोडलेलं असतं. इंजिन हळू चालत असेल आणि हे दोन्ही वॉल्व्ह एकत्र उघडे असतील, तर ते पाणी उलटं खेचलं जातं. थेट इंजिनाच्या पोटात! आणि आमची नवरी तर हळूच येणार होती.

मी सोपं करून सांगितलं. "अंकल, समझो घर में कूलर लगाया. आगे का दरवाजा भी खुला, पीछे का भी. ठंडी हवा सीधी बाहर! और पीछे है नाला. नाले का पानी घर के अंदर."

चौधरीजी खोल विचारात पडले. मला वाटलं, जिंकले!

"लेकिन बेटा," ते म्हणाले, "हवा तो अच्छी आएगी ना?"

भाटिया सरांना 'नाही' हा शब्द आयुष्यात कधी जमलेला नाही. ते पटकन म्हणाले, "फर्स्ट क्लास आएगी, चौधरी साहब!"

*

तरी पहिल्यांदा सरांनी माझंच ऐकलं. मी शहाणा कॅम निवडला, दोन्ही वॉल्व्ह एकत्र जेमतेम उघडणारा. टेस्टसाठी एक्झॉस्टमधून पाणी सोडून बघायचं होतं, म्हणून टँकर मागवला.

मे महिना. गल्लीत नळ कोरडे. टँकर वळला आणि बायका धावत सुटल्या, "टँकर आया! टँकर आया!" बादल्या, हंडे, प्लास्टिकचे टबसुद्धा! आमच्या गेटसमोर लाईन लागली. आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आम्ही टँकरचा पाईप इंजिनाला जोडला.

इंजिन सुरेख चाललं. एक्झॉस्टमधून पाण्याचा असा फवारा उडाला की त्यात इंद्रधनुष्य दिसलं. तो फवारा सरळ नालीत.

आमचा गौरव, म्हणजे माझ्याबरोबरचा इंजिनियर, कस्टमर सांभाळणारा, लाज नावाचा पार्ट त्याच्यात कंपनीनेच बसवलेला नाही, तो म्हणाला, "आंटी, टेस्टिंग है."

सगळ्यात पुढच्या आंटीने रिकामी बादली खाली ठेवली. "बेटा, नाव चलानी थी तो टँकर में थोड़ी नदी भी मँगवा लेते!"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सरांनी इंजिन बंद केलं, उरलेला टँकर गल्लीला दिला, आणि स्वतः पाईप धरून प्रत्येक बादलीला "माफ करना बहनजी" म्हणत राहिले. आणि वर नियम केला, आजपासून एक्झॉस्टमध्ये पाणी सोडून टेस्ट बंद! फक्त इंजिन थंड ठेवायचं, तेही ड्रममधलं पाणी फिरवून. एक्झॉस्टला कोरडा पाईप.

*

मग चौधरीजी आवाज ऐकायला आले. आमच्याकडे हे असंच असतं. लोक इंजिन बघत नाहीत, ऐकतात. आणि एकटे ऐकत नाहीत, व्हिडिओ कॉल लावून ऐकतात! त्यांनी फोनवर त्यांच्या साडूंना घेतलं होतं.

शहाण्या कॅमचं इंजिन म्हणजे शिलाई मशीन. एकदम गप्प, एकसारखं. पण सरांनी चावी फिरवली आणि मी उडालेच! डुग, डुग, डुग, डुग! चौधरीजींच्या डोळ्यांत पाणी. "सुनो! सुनो भाई साहब! बिटिया की आवाज है ये!"

मी गौरवकडे बघितलं. त्याने भुवईने इंजिनामागचा चिंध्यांचा खोका दाखवला. त्यात त्याने ब्लूटूथ स्पीकर ठेवला होता.

"बंद करो, बंद करो," चौधरीजी डोळे पुसत म्हणाले, "नजर लग जाएगी."

सरांनी इंजिन बंद केलं.

डुग, डुग, डुग, डुग.

सगळे इंजिनाकडे बघतायत. पट्टा थांबलेला, पंखा थांबलेला. डुग, डुग, डुग.

"वो... गरम है ना सर," गौरव म्हणाला, "ठंडा हो रहा है."

आणि यार, चौधरीजी मान डोलावणारच होते! इतक्यात खोक्यातून एका बाईचा गोड आवाज आला, "बॅटरी लो. प्लीज चार्ज."

फोनमधून साडू म्हणाले, "भाई साहब, इंजन में लेडीज कौन है?"

*

त्यानंतर नाही म्हणायला आम्हाला तोंडच उरलं नाही. चौधरीजी रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं. नुसते म्हणाले, "भाटिया जी, बेटी की शादी है. असली वाला लगा दो." दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सायली बेटा, डुगडुगवाला लगाओ."

लावला. स्टँडवर चालवला. छाती हलली!

"देखा? कुछ नहीं हुआ!" सर म्हणाले.

"सर, यहाँ पाईप में पानी ही नहीं है. तलाव में होगा."

"तो यहाँ पानी छोड़ूँ? आंटी लोगों को तू जवाब देगी?"

मी पाना उचलून जागेवर ठेवला.

जेवताना आईला सगळं सांगितलं. ती पोळी लाटत होती. "मग तू बोलली नाहीस?"

"बोलले ना!"

"मोठ्याने?"

मी भाजी छान झालीये म्हणाले.

*

हा किस्सा चहावाल्याला माहीत नाही. कारण यात हसण्यासारखं काही नाही.

नवरी, निशा, एकदा स्वतः आली. दातांची डॉक्टर, क्लिनिकमधून थेट, एकटीच. इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दीदी, मुझे तैरना नहीं आता. पापा को बोल नहीं सकती, इतने खुश हैं. ये बीच में रुकेगा तो नहीं?"

मी तोंड उघडेपर्यंत मागून सर, "अरे बेटा, मक्खन चलेगा!"

आणि गौरव, "कॅम दीदी ने खुद चुना है."

निशाने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे. उजव्या बुटावर ग्रीस लागलं होतं. ते मी फार बारकाईने बघितलं.

"थँक यू दीदी," ती म्हणाली. "लड़की ने चुना है तो टेन्शन नहीं."

*

लग्न. तलाव, सूर्य मावळतीला, पाहुणेच पाहुणे. भाटिया सर बंद गळ्याच्या कोटात, गौरव गॉगलमध्ये. मी मात्र पलीकडच्या काठावर, बोटीपाशी. लाईफ जॅकेट घेऊन गेले होते. भगवं जॅकेट लाल लेहेंग्यावर चढवलं तेव्हा मेकअपवाली किंचाळली! मी बेल्ट आवळता आवळता निशाच्या कानात म्हणाले, "रुक सकता है. डुगडुग के चक्कर में गलत कॅम डाला है. मत जाओ."

ती हसली. "पता है. उस दिन आप जूते देख रही थीं ना." मग पलीकडे बघितलं. काठावर चौधरीजी दोन्ही हात वर करून उभे होते, लहान मुलासारखे. "अब तो जाना पड़ेगा दीदी."

बोट निघाली. बोटवाला पुढे, निशा मागे उभी. मी गाडीने वळसा घालून या काठाला पळाले. डुग... डुग... डुग... अख्ख्या तलावावर तो आवाज! पाहुणे उठून उभे राहिले. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला, अभिमानाने!

डुग... डुग... डु... फुस्स.

तलावाच्या मधोमध. धूर सोडायचं मशीन आपलं सोडतंय धूर. ड्रोन भुणभुणतोय. बोटवाला चावी फिरवतोय, काही नाही. निशाची आई रडायला लागली. चौधरीजींचे हात अजून वरच होते, खाली घ्यायचं त्यांना सुचेना.

सरांनी माझा दंड धरला. "सायली... पानी?"

"पानी, सर."

सर कुल्फीच्या स्टॉलमागे जाऊन उभे राहिले. मीही गेले. कुठे तोंड दाखवणार होते?

मग काठावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, दुल्हन!"

निशाने बोटीतलं वल्हं उचललं होतं. लेहेंगा कमरेला खोचून, भगव्या जॅकेटमध्ये, बांगड्यांसकट वल्हवत होती! बोट आधी गोल फिरली. लोक "अरे अरे अरे!" मग सरळ झाली. ढोलवाल्याला काय सुचलं कोण जाणे, तो वल्ह्याच्या तालावर वाजवायला लागला. एक वल्हं, एक थाप. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, मग पोरं, मग सगळेच. चौधरीजींनी माईक ओढून घेतला. ओरडले, "मेरी बेटी को किसी इंजन की जरूरत नहीं है!"

शिट्ट्या, गोंधळ, रडारड! बोट काठाला लागली. निशाचे तळवे सोललेले, मेंदीवर रक्ताचा ठिपका. मी तिला उतरायला हात दिला. सॉरी म्हणायचं होतं, म्हणाले "जपून". तिने हात धरला, उतरली, आणि वडिलांकडे गेली.

मी परत कुल्फीच्या स्टॉलमागे. सर अजून तिथेच, मान खाली. तेवढ्यात गुडगावचे कुणीतरी फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, शोधत शोधत आले, हातात कुल्फी.

"इंजनवाले भाटिया साहब आप ही हैं? मेरी भी बेटी की शादी है. हमें भी इंजन चाहिए."

सरांनी हात जोडले. इतकं खरं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "जी, आज जो हुआ उसके लिए बहुत शर्मिंदा हूँ. आपके लिए बिल्कुल सही कॅम लगाएँगे. आपका रुकेगा नहीं."

फूफाजींचा चेहरा पडला. "रुकेगा नहीं?"

"नहीं जी. गॅरंटी!"

"नहीं नहीं नहीं." फूफाजी सरांना सोडून माझ्याकडे वळले. "मॅडम, कॅम आप चुनती हैं ना?" आणि कुल्फीच्या काडीने तलावाचा मध्य दाखवत म्हणाले, "वहाँ. ठीक वहाँ बंद होना चाहिए."