जमनावहिनीची एक बादली

माझा भाऊ बाळ्या आपल्या जीपला लक्ष्मी म्हणतो. तलासरी ते उधवा या रस्त्यावर तो सीटा भरतो, आणि इतकी चकचकीत जीप त्या रस्त्यावर दुसरी नाही असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. लक्ष्मी म्हटली की तिला न्हाऊ घालणं आलं. न्हाऊ घालणार बाळ्यादादा, आणि त्यासाठी विहिरीवरून पाणी वाहणार त्याची बायको, माझी जमनावहिनी. पुण्य एकाचं आणि मान मोडणार दुसऱ्याची, असा धर्म आमच्या घरात बरीच वर्षं चालला होता.

आमचा पाडा टेकाडावर आणि विहीर खाली ओढ्याच्या काठाला. पावसाळ्यात ठीक असतं, पण होळी झाली की विहिरीत कळशी सोडल्यावर बुडाला खडे लागल्याचा आवाज येतो. त्या पाण्याने दादा जीप धुवायचा. आधी टपावरून धबाधबा ओतायचं, मग धुण्याची पावडर, मग काथ्या, मग पुन्हा धबाधबा, आणि शेवटी टायरांना डिझेलचा हात. पाणी अंगणातून वाहत जाऊन शेजारच्या कोंबड्यांचे पाय भिजले की मगच त्याला गाडी धुतल्यासारखं वाटायचं. पूर्वी तो जीप सरळ नदीत उतरवायचा, पण उन्हाळ्यात आमच्या नदीत बेडकालाही बुडायला पाणी नसतं.

वहिनी यावर काही बोलत नसे. ती भांडी जोरात ठेवायची आणि दादा ऐकू न आल्यासारखं करायचा. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. "दादा, तुझी जीप डिझेलवर चालते का पाण्यावर?" असं मी त्याला चारचौघांत विचारलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेही वहिनीने आणलेलं.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा डहाणूचा, विनोद नावाचा, बंदरावर होड्यांना बर्फ पोचवणारा टेम्पो चालवायचा. लग्न वैशाखात होतं. त्याच वर्षी वहिनीला बोर्डीला एका बंगल्यात झाडलोटीचं काम मिळालं. सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळी येऊन पुन्हा कळशी उचलायची. बंगल्याचे मालक मुंबईहून सुट्टीला आले होते, चिकू आणि आंबे संपल्याशिवाय हलणार नाहीत अशा बेताने. त्यांची एक काळी मोटार होती आणि ती सांभाळायला मिथुन नावाचा उंबरगावचा ड्रायव्हर.

समुद्र जवळ असल्यामुळे त्या बंगल्याच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने काळी गाडी धुतली की वाळल्यावर तिच्यावर पांढरे ठिपके उठायचे. म्हणून मिथुन पिण्याच्या पाण्यातलं अर्धी बादली पाणी घ्यायचा, त्यात एका बाटलीतलं टोपणभर औषध टाकायचा, मऊ फडकी बुडवायचा आणि गाडी पुसत सुटायचा. मागून दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. वरून पाणी मारायचंच नाही. गाडी आरशासारखी व्हायची आणि अंगणात ओल सुद्धा दिसायची नाही.

पहिल्या दिवशी हे बघून वहिनीने झाडू खाली टाकला. "मग धुतली कधी?" तिने विचारलं.

"हीच धुतली, जमनाबेन," मिथुन म्हणाला. तो अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायचा. "औषध धूळ धरते, वर उचलते. आपण घासायचं नाय, दाबायचं नाय. फडक्याची एक बाजू मैली झाली की दुसरी. मैली बाजू परत गाडीला लावायची नाय."

त्यानंतर वहिनीचं झाडणं रोज गाडीच्या आसपासच चालायचं. एक दिवस मिथुनच्या घरून फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकापर्यंत गेला. वहिनीने संधी साधली. आता, आमच्या पाड्यात सारवणात वहिनीचा हात धरणारी कोणी नाही. ओटी सारवताना हात अर्धगोल फिरतो, एकाला लागून दुसरा अर्धगोल, आणि शेणात बोटांची सुंदर नक्षी उठते. तिने तोच हात फडक्यासकट बॉनेटवर चालवला, जोर लावून, मनापासून. मिथुन परत आला तेव्हा ऊन बरोबर बॉनेटवर होतं. काळ्या रंगात बारीक बारीक ओरखड्यांची, एका रांगेत, आमची ओटी उमटली होती.

"अरे, आ शुं कर्युं, जमनाबेन," मिथुन कपाळाला हात लावून म्हणाला.

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मिथुन मनाचा मोठा. त्याने दुपारभर बसून पॉलिशने ते ओरखडे घालवले आणि मालकांना पत्ता लागू दिला नाही. वर तिला शेजारी उभं करून शिकवलं. हात सरळ न्यायचा, वरून खाली यायचं, गोल फिरवायचा नाही, आणि फडक्याचं फक्त वजन पडू द्यायचं. वहिनी हे सांगताना अजून हसून हसून वाकते. ती म्हणते, जमीन दाबल्याशिवाय वठणीवर येत नाही आणि गाडी दाबली की बिघडते, हे कळायला मला बोर्डीला जावं लागलं.

घरी येऊन तिने आमच्या लोखंडी कपाटावर सराव केला. रोज संध्याकाळी सरळ हात, सरळ हात. कपाटात कधी नव्हे ते तोंड दिसायला लागलं. दादाने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि जीपसाठी यापुढे एक बादली पुरेल म्हणाली.

दादा खो खो हसला. "पाणी नाय ओतलं त धुतलं कसं? मंग मी पण उद्यापासून आंघोळीला अंग पुसूनच घेऊ?"

"तू आताही तेच करतोस, दादा," मी म्हटलं.

त्या वेळी ओटीवर आमची चुलती बुधीबाई बसली होती. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहायला पाड्यात तिलाच बोलावतात. तिच्यासमोर दिलेला शब्द म्हणजे सगळ्या पाड्यासमोर दिलेला. वहिनी दादाकडे न बघता तिच्याकडे बघून बोलली.

"बुधीकाकू, तू ऐक. आपल्या या संगीच्या लग्नाच्या सकाळी मी एका बादलीत जीप धुवीन. नाय जमलं त जन्मभर जीपला पाणी आणीन, भांडी पण आपटणार नाय. जमलं त घरचं सगळं पाणी यानं भरायचं."

"भरीन," दादा म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की त्याला हरण्याची शंकाही आली नसावी. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. लग्न माझं होतं आणि काळजी मला त्या बादलीची लागली होती. वहिनी हरली असती तर तिचं तोंड कायमचं बंद झालं असतं, आणि ती शब्दाची इतकी पक्की आहे की तिने खरंच भांडी आपटली नसती.

लग्नाच्या सकाळी उठून बघते तो आणखी एक संकट. आदल्या दिवशी दादाने मांडवाचे बांबू आणि डहाळ्या जीपमधून आणल्या होत्या, त्यामुळे ती लाल धुळीने माखलेली. शिवाय मांडवाच्या गडबडीत खुराडं कोणी लावलंच नाही, आणि पाहुण्यांनी दचकलेल्या कोंबड्या रात्रभर टपावर आणि बॉनेटवर बसल्या होत्या. त्यांनी तिथे काय केलं ते सांगायला नको. सगळं वाळून कडक झालेलं. दादा हळदीच्या अंगाने खाटेवर बसला आणि जिंकल्यासारखा पाय हलवायला लागला.

वहिनीने बादली भरली, टोपणभर औषध ओतलं. मिथुनने तिला एक अर्धी बाटली आणि जुनी फडकी दिली होती. तिने आधी त्यातलंच पाणी फवारणीच्या छोट्या बाटलीत भरून सगळ्या जीपला ओलं केलं. मग कोंबड्यांच्या प्रसादावर ओली फडकी अंथरली आणि चक्क बाजूला जाऊन बसली.

"घास ना," दादा म्हणाला.

"भिजू दे. तुना घाई हाय, मना नाय."

अर्धा पाडा मांडव सोडून तिथे जमला. वाजंत्री सुद्धा वाजवायचं थांबले. जरा वेळाने तिने फडकी उचलली तर घाण त्यांच्यासोबत अलगद उठून आली. मग टपापासून सुरुवात. सरळ हात, हलका हात, बाजू बदल, मागून कोरडं. दरवाजे झाले, बॉनेट झालं, आणि शेवटी वेगळ्या फाटक्या फडक्याने चाकं. बादलीत तळाला पाणी उरलं होतं. वर्षानुवर्षं धुण्याच्या पावडरीने विटलेली आमची जीप, तिच्या निळ्या रंगात मांडवाची तोरणं दिसत होती.

दादा उठला, जीपभोवती फिरला, मग खाली वाकून चाकांच्या आत बघितलं. "इथं खाली माती हाय," तो म्हणाला.

"तिथं कोण बसणार हाय? तू?" वहिनीने विचारलं.

लोक हसले. बुधीबाई चौक लिहून उठली होती. तिने पांढऱ्या लुगड्याचा पदर बॉनेटवरून फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. पदर पांढराच होता. हातच्या काकणाला आरसा कशाला. मग तिने पिठाचा हात तसाच जीपच्या दारावर उमटवला आणि म्हणाली, "बेस झाली. बाळ्या, कळशी कंची नेशील, मोठी का बारकी?"

त्याच जीपमधून मी सासरी गेले. रस्ताभर दादा आरशात आमच्याकडे न बघता जीप हाकत होता, आणि वहिनी माझ्या शेजारी बसून सारखी माझा हात दाबत होती. मला रडायला यायला हवं होतं, पण आम्हा दोघींना हसूच आवरेना. डहाणूला सासरच्या बायकांना वाटलं असेल, ही नवरी जरा उथळच दिसते.

दादा शब्दाला जागेल का, याची मला खात्री नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पहिल्या दिवशी त्याने पळवाट काढलीच. कॅन भरून जीपमधून आणायचे ठरवले. पण जीपची वाट टेकाडाच्या दुसऱ्या बाजूने उतरते, विहिरीकडे नुसती पायवाटच आहे. खांद्यावर कळशी घेतली तर निम्मी अंगावर. शेवटी बुधीबाईने त्याला फडक्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवायला शिकवलं. विहिरीवर बायका हसायच्या. तोही पहिले काही दिवस लाजला, मग त्यांच्यात बसून गावगप्पा हाणायला लागला. आता जीपचं सांगायचं तर, तो स्वतःच ती एका बादलीत पुसतो. कोणी धबाधबा पाणी ओतून गाडी धुताना दिसला की थांबून भांडतो. ज्याचं जळतं त्याला कळतं.

वहिनी हट्टी नाही. पावसाळ्यात जीप चिखलाने लिंपून आली तर ती स्वतःच म्हणते, आधी पाणी मार, नाहीतर खडे ओरबाडतील, याला ही बादली चालायची नाही. पावसाळ्यात पाणी आभाळच देतं, त्याचं तिला काही नाही.

दिवाळीला मी माहेरी गेले. संध्याकाळची वेळ होती, दादा विहिरीवर गेलेला. वहिनी ओटीवर नुसती बसली होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्या वेळी मी तिला बसलेली कधी बघितली नव्हती. मी तेलाची वाटी आणली आणि तिची वेणी घालायला मागे बसले. तिने माझा हात धरून आपल्या टाळूवर ठेवला. चुंबळ ठेवून ठेवून तिथले केस झिजले होते, लहानपणापासून ती जागा मोकळीच होती, पदराखाली असल्यामुळे आम्हाला कधी दिसली नव्हती. आता तिथे बोटाला बारीक, कडक, नवे केस लागत होते.

"टोचतात ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं आणि तिथे जास्तीचं तेल लावलं.